बरोबरीनंतरचा एक प्रश्न

मंडळी, आधी एक प्रश्न सोडवा, मग पुढे वाचा. बव्हेरियातलं, डॅन्यूब नदीकाठचं एक शहर. १६६३ ते १८०६ या काळात पवित्र रोमन साम्राज्याची राज्यसभा तिथं भरत असे. शहराचं नाव काय? अट एवढीच की फोनला हात लावायचा नाही, शेजारच्या माणसाकडे बघायचं नाही आणि मोजक्या सेकंदांत उत्तर कागदावर लिहायचं.

आमच्या शारजातल्या एका घरगुती बैठकीत हा प्रश्न टाकला तेव्हा पहिलं उत्तर आलं म्युनिक. म्युनिक बव्हेरियाची राजधानी खरी, पण ती ईझार नदीवर. दुसरं उत्तर व्हिएन्ना. नदी बरोबर, पण देशच दुसरा. तिसऱ्या मित्राने "पास" म्हणून भज्यांची बशी आपल्याकडे ओढली. सगळे पदवीधर, दोघे तर जर्मन कंपनीत नोकरीला. उत्तर कुणाला आलं नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही.

२४ मे २०१२ रोजी वॉशिंग्टनमध्ये हाच प्रश्न दोन शाळकरी मुलांसमोर आला. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीच्या भूगोल स्पर्धेची ती अंतिम फेरी. समोर टीव्हीचे कॅमेरे, प्रश्न विचारायला अ‍ॅलेक्स ट्रेबेक. म्हणजे 'जेपर्डी' या कार्यक्रमामुळे अमेरिकेत घरोघरी माहीत असलेला माणूस. स्पर्धकांतला एक राहुल नागवेकर, वय १४, टेक्ससमधल्या शुगर लँडचा. दुसरा वंश जैन, वय १३, विस्कॉन्सिनचा. शेवटच्या दोघांसाठी ठरवलेले प्रश्न संपले तरी दोघांचे गुण सारखेच राहिले. मग बरोबरी फोडायला जो प्रश्न निघाला तो हा. राहुलने लिहिलं 'रेगेन्सबर्ग', आणि सामना संपला.

राहुलला पंचवीस हजार डॉलरची शिष्यवृत्ती आणि गॅलापागोस बेटांची सहल मिळाली, वंशला पंधरा हजार डॉलर. तिसरा आलेला वरुण महादेवन कॅलिफोर्नियाचा. पहिली तिन्ही नावं वाचून आपल्या मंडळींची छाती फुगली असणार यात शंका नाही. त्यातून 'नागवेकर' हे आडनाव दिसलं की कोकण आणि गोवा डोळ्यांपुढे उभं राहतंच. आडनावातलं गाव मागे राहतं, माणूस टेक्ससला जातो आणि त्याचा मुलगा बव्हेरियातलं गाव सांगून बक्षीस घेऊन येतो. आपल्या पिढीचा सगळा प्रवास या एका वाक्यात बसतो असं आम्हाला वाटतं.

पण आम्हाला लिहायचं आहे ते त्या बरोबरीबद्दल.

आमचा धंदा मोजमापाचा. इन्स्ट्रुमेंटेशनच्या माणसाला पहिली गोष्ट शिकवतात ती लघुतम मापाची. शाळेच्या प्रयोगशाळेतलं व्हर्नियर कॅलिपर आठवतं का? त्याच्यावर एका मिलिमीटरचा दहावा भाग वाचता येतो. दोन तारांच्या जाडीत त्याहून कमी फरक असेल, तर ते कॅलिपर दोन्ही तारा सारख्याच सांगणार. तारा खरोखर सारख्या असतील किंवा नसतील, तुमच्या उपकरणाला तो फरक कळत नाही इतकंच. आता कुणी डोळे बारीक करून "नाही, डावीकडची जरा जाड दिसतेय" असं म्हणाला, तर परदेशी एम. एस. करताना आमच्या प्राध्यापकांनी तो रिपोर्ट परत फेकला असता.

प्रश्नमंजुषासुद्धा एक उपकरणच आहे. चौथी ते आठवीची लाखो मुलं शाळेच्या पातळीवर उतरायची. शाळेतून राज्याला, राज्यातून राष्ट्रीय फेरीला. तिथं ५४ जण, त्यांतून दहा, दहांतून दोन. एवढ्या चाळण्यांतून गाळून आलेल्या दोन मुलांना आणखी चार-पाच प्रश्न विचारून जर फरक दिसला नाही, तर उपकरण स्वच्छ सांगतंय की माझं माप इथं संपलं. तरीही टीव्हीवर एक विजेता लागतो. म्हणून एक प्रश्न जास्तीचा टाकायचा, आणि ज्याला तो लागेल तो पहिला. चूक यात कुणाचीच नाही, नियम सर्वांना आधीपासून ठाऊक असतात. पण त्या जास्तीच्या प्रश्नाने काय मोजलं जातं, हे पालकांनी तरी समजून घ्यायला हवं.

तो प्रश्न जरा उलगडून बघू, कारण तो खरोखर सुंदर बांधलेला आहे. त्यात तीन आकडे आहेत, गळाला असतात तसे. पहिला आकडा 'बव्हेरिया', दुसरा 'डॅन्यूबकाठ'. या दोहोंनी यादी एकदम छोटी होते: नॉय-उल्म, इंगोलश्टाट, रेगेन्सबर्ग, श्ट्राउबिंग, पासाऊ आणि अशीच आणखी थोडी गावं. ज्या मुलाने नकाशावर डॅन्यूबवरून बोट फिरवलंय, त्याच्या डोळ्यांपुढे ही माळ उभी राहते. आता यातलं कुठलं? पासाऊ तीन नद्यांच्या संगमाचं गाव म्हणून लक्षात असतं. इंगोलश्टाट म्हटलं की हल्ली आऊडी मोटार आठवते. तिसरा आकडा निर्णायक: १६६३ ते १८०६. इथं भूगोल संपतो आणि इतिहास सुरू होतो. पवित्र रोमन साम्राज्याची राज्यसभा आधी वेगवेगळ्या शहरांत भरायची. १६६३ मध्ये ती रेगेन्सबर्गला भरली आणि मग कायमचीच झाली. १८०६ मध्ये नेपोलियनच्या धक्क्याने साम्राज्यच बरखास्त झालं, तोपर्यंत तिचा मुक्काम तिथंच.

आपल्याला हे साल लक्षात ठेवायला सोपी खूण आहे. १६६३ च्या एप्रिलमध्येच महाराजांनी लाल महालात घुसून शाहिस्तेखानाची बोटं छाटली. पुण्यात ही धामधूम आणि तिकडे जर्मनीत राजेरजवाडे सभेसाठी रेगेन्सबर्गला जमलेले, असं चित्र एकदा डोक्यात बसलं की साल विसरता येत नाही. (त्या गावात डॅन्यूबवर बाराव्या शतकातला दगडी पूल अजून उभा आहे. आमच्यासारख्याला राज्यसभेपेक्षा त्याचं कौतुक जास्त!)

तेव्हा हा प्रश्न निव्वळ पाठांतराचा नव्हता. पण तो वंशला सोपा आणि राहुलला अवघड असा उलटाही निघू शकला असता. आफ्रिकेतलं एखादं सरोवर, इंडोनेशियातलं एखादं बेट, मध्य आशियातली एखादी खिंड. चिठ्ठी बदलली असती तर कदाचित निकालही बदलला असता. दोघांना येत होतं ते भरमसाट आणि सारखंच. अखेरीला फरक पडला तो एका गावाचा.

शारजात राहून आणखी एक आठवण टाळता येत नाही. १८ एप्रिल १९८६, इथलंच स्टेडियम, ऑस्ट्रल-एशिया कपची अंतिम लढत. पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्यात, चेतन शर्मा धावत येतो आणि मियाँदाद षटकार मारतो. आम्ही तेव्हा लहान होतो, पण पुढे ज्या ज्या वेळी "शारजाला नोकरी लागली" असं सांगितलं त्या त्या वेळी समोरच्या काकांनी हा चेंडू आमच्या अंगावर टाकला. चेतन शर्माची बाकीची सगळी कारकीर्द एका पारड्यात आणि तो एक चेंडू दुसऱ्या पारड्यात. वर्ल्ड कपमध्ये भारतातर्फे पहिली हॅटट्रिक घेणारा गोलंदाज तोच, १९८७ साली, नागपूरला. पण ते किती जणांना आठवतं? मोठ्या माणसाला हे सोसावं लागतं, तो व्यवसायच तसा. तेरा वर्षांच्या पोराला मात्र असल्या पारड्यात घालू नये.

टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषांचं वेड आपल्याला नवीन नाही. आमच्या आधीच्या पिढीने रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट ऐकली, आधी हमीद सयानींच्या आणि नंतर अमीन सयानींच्या आवाजात. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम' आलं, नव्वदीत झी टीव्हीवर डेरेक ओब्रायन. आमची शाळा संपता संपता चाळीतल्या टीव्हीसमोर बसून आम्हीही उत्तरं ओरडलो आहोत. तिथं बझरची गंमत होती. बझरची जोडणी साधी असते: ज्याचं बटण आधी दाबलं जातं त्याचा दिवा लागतो आणि त्याच क्षणी बाकीच्यांची बटणं बंद पडतात. माणसाला आवाज ऐकून बोट हलवायलाच सेकंदाचा पाचवा-सहावा भाग लागतो. म्हणजे दोघांनाही उत्तर येत असलं तरी गुण कुणाला मिळतील हे बोट ठरवतं. वॉशिंग्टनच्या त्या अंतिम फेरीत बझर नव्हता. दोघांनी एकाच वेळी लिहायचं, एकाच वेळी दाखवायचं. बोटाचा घोळ निदान तिथं काढून टाकला होता, हे आम्हाला फार आवडलं. आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत "मी आधी हात वर केला, काकू!" म्हणून जी रडारड होते ती बघितली की तर जास्तच.

आता याच दुखण्यावरचा दुसरा उतारा बघा. ३० मे २०१९ ला अमेरिकेतली स्क्रिप्सची राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा सुरू होती, तीही टीव्हीवरून. रात्र होत चालली, फेऱ्यांमागून फेऱ्या गेल्या, आणि शेवटी आठ मुलं उरली ती हरायलाच तयार होईनात. आयोजकांकडचे कठीण शब्द संपत आले. तेव्हा त्यांनी जाहीर करून टाकलं की आणखी तीन फेऱ्या होतील, त्यांत जो टिकेल तो विजेता, मग कितीही का असेनात. आठच्या आठ टिकले. वीस फेऱ्या, मध्यरात्र उलटून गेलेली, आणि आठ विजेते. प्रत्येकाला पूर्ण पन्नास हजार डॉलर, वाटणी नाही. आठांतली सात भारतीय वंशाची, आणि त्यांत डॅलसचा तेरा वर्षांचा सोहम सुखटणकर. त्याला शेवटी 'पेंडेलोक' हा शब्द आला होता. थेंबाच्या आकाराचं रत्न, आपल्या लोलकासारखं. त्याच फेरीत साकेत सुंदरला आला तो शब्द म्हणजे 'बुगनव्हिलिया'. इथं शारजातल्या दर दुसऱ्या व्हिलाच्या भिंतीवर बोगनवेल आहे, पण तिचं इंग्रजी स्पेलिंग बिनचूक लिहील असा माणूस आमच्या इमारतीत तरी सापडायचा नाही.

त्या रात्री आयोजकांनी जे केलं ते आमच्या धंद्याच्या भाषेत अगदी शुद्ध होतं. उपकरणाचं माप संपलं, तर तसं लिहा आणि सही करा. पण टीव्हीला ते पचत नाही. पुढे त्यांनी नियम बदलला: बरोबरी झाली तर नव्वद सेकंदांत जास्तीत जास्त शब्द कोण बरोबर सांगतो ते बघायचं. २०२२ मध्ये हरिणी लोगन आणि विक्रम राजू यांच्यात पहिल्यांदा असा सामना झाला. हरिणीचे २१ बरोबर, विक्रमचे १५. निकाल स्वच्छ लागला, बघायला थरारकही होता. फक्त मोजलं गेलं ते स्पेलिंग नव्हे, तर स्पेलिंगचा वेग. आमचं मत विचाराल तर २०१९ चीच रात्र बरी होती. घरात मात्र याबाबत एकमत नाही. धाकट्याच्या मते आठ विजेते म्हणजे एकही विजेता नाही.

हे यश आपल्या मुलांना कसं मिळतं यावर अनेकांनी अनेक गोष्टी सांगितल्या आहेत. राहुलच्या २०१२ च्या विजयापासून ती भूगोल स्पर्धा जितकी वर्षं भरली, म्हणजे २०१९ पर्यंत, तितकी आठही वर्षं भारतीय वंशाचंच मूल जिंकलं. २०२० आणि २०२१ च्या फेऱ्या महामारीत रद्द झाल्या आणि मग संस्थेने स्पर्धा कायमचीच बंद केली. रक्तात असतं, मेंदू वेगळा असतो, असं म्हणणाऱ्यांवर आमचा काडीचाही विश्वास नाही. रक्तात असतं तर आम्हाला रेगेन्सबर्ग आलं नसतं का? खरी कारणं साधी आहेत. शिकून परदेशी गेलेले आईबाप, मुलांसाठी काढलेला वेळ, आणि सरावाला मैदान. नॉर्थ साउथ फाउंडेशन ही तिकडच्या भारतीयांचीच संस्था. ती १९९३ पासून स्पेलिंग आणि मग भूगोल, गणित अशा स्पर्धा गावोगावी भरवत आली. म्हणजे मुलं मोठ्या मंचावर जाण्याआधी लहान मंचावर कितीदा तरी हरून आलेली असतात.

हे हरून येणं आपल्याकडे, म्हणजे आखातात, अवघड होऊन बसलं आहे असं आम्हाला वाटतं. इथं प्रत्येकाचा मुक्काम व्हिसाच्या तारखेवर. मुलगा बारावी झाला की भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, कुठं जाईल सांगता येत नाही. त्यामुळे प्रत्येक प्रमाणपत्राकडे आपण पुढच्या दरवाजाची किल्ली म्हणून बघतो. बक्षीस समारंभ संपल्यावर पार्किंगमध्ये जे कानावर येतं ते सगळ्यांनीच ऐकलं असेल. "एका मार्काने गेलं हो!" हे वाक्य आई दुःखाने म्हणते, आणि पोरगं मागच्या सीटवर बसून ते घरी पोचेपर्यंत ऐकतं. गल्लीतून इत्तिहाद रस्त्यापर्यंतचा ट्रॅफिक लक्षात घेता पाऊण तास तरी ऐकतं. वंश जैनचंही एका उत्तराने गेलं. त्याला आलं नाही ते एक गाव, आणि आलं होतं ते बाकीचं जग.

भूगोलाचं म्हणाल तर आपली मुलं खरं तर भाग्यवान आहेत. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि हिंदी, सक्तीची अरबी, बसमध्ये मल्याळम. पुस्तकात दख्खनचं पठार, खिडकीबाहेर वाळवंट. आणि घरापासून दीड-दोन तासांवर असा एक प्रश्न आहे की जो ट्रेबेकसाहेबांनी आनंदाने विचारला असता. अमिरातींपैकी दोन्ही समुद्रांना, म्हणजे आखाताला आणि ओमानच्या आखातालाही, किनारा असलेली अमिरात एकच, आपली शारजा. पूर्वेकडचे खोरफक्कान, कल्बा आणि दिब्बा अल हिस्न हे तिचेच तुकडे. खोरफक्कानजवळ मधा नावाचा मुलूख लागतो. तो ओमानचा, पण चहूबाजूंनी अमिरातींनी वेढलेला. आणि त्या मधाच्या पोटात नहवा नावाची छोटीशी वस्ती आहे, ती पुन्हा शारजाची! अमिरातीत ओमान आणि ओमानात शारजा. वाटेत चौकी नाही की कुंपण नाही. झेंडा बदलला की समजायचं देश बदलला, आणि पुढच्या वळणावर तो परत बदलतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या बोगद्यांच्या रस्त्याने खोरफक्कान फार जवळ आलंय. आम्ही मुलांना घेऊन गेलो तेव्हा मोठीने गाडीत बसल्या बसल्या वहीत एकात एक तीन गोल काढले आणि प्रत्येकात देशाचं नाव लिहिलं. हे तिला जन्मात विसरायचं नाही. ॲटलास आणि पेट्रोल मिळून हा खर्च कुठल्याही क्लासच्या फीपेक्षा कमी आला, तेवढंच हिशेबाला सांगतो.

गणपतीत आमच्याकडे मुलांची प्रश्नमंजुषा असते. मागच्या बैठकीत नियमांवर बरीच खडाजंगी झाली. शेवटी ठरलं ते असं: हात वर करणं बंद, सगळ्यांनी पाटीवर लिहायचं. बरोबरी झाली तर आणखी तीन प्रश्न, तेही लिहूनच. तरी बरोबरी राहिली तर दोघांनाही पहिलं बक्षीस. खजिनदारांनी विचारलं, "दोन ट्रॉफ्यांचे पैसे कुठून आणायचे?" त्यावर एका वहिनींनी सुचवलं की दुसऱ्या क्रमांकाची ट्रॉफी तशीही वाचतेच आहे, तिच्यावर फक्त आकडा बदलून घ्या. ठराव एकमताने मंजूर झाला. प्रश्न काढायचं काम आमच्याकडे आलं आहे. नहवा त्यात असणार, हे इथं आधीच फुटलं, तेव्हा आता दुसरा काहीतरी शोधायला हवा.